पाणीवाल्या पाळकाचा राजीनामा

मी चर्चमधलं पाळकपण सोडलं त्याला आता काही वर्षं झाली. तरी धुळ्याच्या बसस्टँडवर जुन्या मंडळीतलं कोणी भेटलं की सलाम होतो, तब्येतीची चौकशी होते, आणि मग समोरचा आवाज खाली आणून विचारतो, "साहेब, खरं कारण काय हो?" वास्तविक लोकांनी आपापली कारणं ठरवून टाकलेली आहेत. कोणी म्हणतं, कमिटीशी वाजलं. कोणी म्हणतं, परदेशातून बोलावणं आलं होतं, ते फिसकटलं. माझ्या सख्ख्या मेव्हण्याची खात्री आहे की माझी श्रद्धा गेली, आणि तो बिचारा माझ्यासाठी दर शुक्रवारी उपास धरतो. त्याला मी समजावलं की बाबा रे, श्रद्धा गेली म्हणून नव्हे, नको तेवढी जवळून पाहिली म्हणून सोडलं. त्यावर त्याने बुधवारचाही उपास धरला.

खरं कारण पाणी.

मी तेव्हा धुळ्याला होतो. महिन्यातून एकदा एरंडोलच्या पलीकडे एका खेड्यात उपासना घ्यायला जावं लागे. तिथे आमच्या मंडळीची मोजकी घरं. त्यांतल्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याला सगळं गाव आबा म्हणायचं. या आबांनी शेतात बोअर मारायचं ठरवलं आणि मला निरोप धाडला, गाडी लावायच्या आधी प्रार्थनेला या. आमच्यात ही रीत आहे. नवी मोटारसायकल असो, दुकान असो, पिठाची गिरणी असो, पाळकाने प्रार्थना केल्याशिवाय चालू होत नाही. तेव्हा उपासनेचा पांढरा झगा पिशवीत घालून, पवित्र शास्त्र काखोटीला मारून मी मोटारसायकलवर निघालो.

आता झालं होतं असं, की आबांनी आदल्या दिवशी गुपचूप एक पाणाड्याही बोलावला होता. पाणाड्या म्हणजे तळहातावर नारळ आडवा ठेवून शेतभर फिरणारा माणूस. जिथे नारळ उभा राहतो तिथे खाली पाणी, असा त्याचा हिशेब. एरवी तो जागेवर चुन्याने फुली मारतो आणि लिंबाची डहाळी रोवतो. पण दुसऱ्या दिवशी पाळकसाहेब येणार, त्यांना हे दिसलं तर रविवारी उपदेशात आपलाच उद्धार होईल, या भीतीने आबांनी डहाळी उपटली, चुना पायाने पुसला आणि खूण म्हणून एक साधा चपटा दगड ठेवला.

मी पोचलो तेव्हा शेतात कोणी नव्हतं. आबा बोअरची गाडी आणायला हायवेपर्यंत गेले होते. आमच्याकडच्या काळ्या मातीत मोटारसायकल लावणं हे एक कसब आहे. स्टँडखाली काही दिलं नाही तर ते लोण्यात सुरी जावी तसं आत जातं आणि गाडी आडवी. मी इकडे तिकडे पाहिलं. शेताच्या मधोमध, देवाने माझ्यासाठीच ठेवल्यासारखा, एक चपटा दगड. मी तो उचलला, बांधाजवळ नेला आणि स्टँडखाली सारला.

पुढचं तुमच्या लक्षात आलंच असेल. आबा आले, प्रार्थना झाली, बोअरच्या गाडीला वाट द्यायला मी मोटारसायकल काढून रस्त्यावर लावली. दगड राहिला बांधाजवळ. आबांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. त्यांना शेतात दगड तेवढा दिसला, आणि त्यांनी ड्रायव्हरला तिथेच बोट दाखवलं.

बोअर मारताना तुम्ही कधी जवळ उभे राहिला नसाल तर सांगतो. आधी कान जातात. मग पांढरट भुकटी उडायला लागते, गिरणीतल्यासारखी, आणि झाडं, माणसं, बैल सगळे पीठ लागल्यासारखे दिसतात. हे तासन् तास चालतं. सगळ्यांचे डोळे त्या भुकटीच्या रंगावर. त्या दिवशी दुपार कलताना भुकटी जरा काळपट झाली. मग तिच्या गोळ्या पडायला लागल्या. एक वास आला. तो वास पावसाचा नव्हे, फार दिवस बंद असलेलं दार उघडल्यासारखा गार, दगडी. आणि मग गाडीच्या शिडीच्याही वर चढलेला गढूळ पाण्याचा खांब.

मी झगा घालून, डोळे मिटून, नको तितका जवळ उभा होतो. पहिला लोट माझ्या तोंडात गेला. त्या पाण्याला चव होती, दगड चाटल्यासारखी. डोळे उघडले तर गावातली माणसं त्या चिखलात लहान मुलांसारखी उभी, तोंडं वर करून. कोण जाणे किती काळ अंधारात पडून राहिलेलं ते पाणी. त्याने पहिल्यांदा ऊन पाहिलं तेव्हा मी तिथे होतो. वेदीपाशी उभं राहून मी 'पवित्र, पवित्र, पवित्र' किती रविवारी म्हटलं असेल. अंगावर काटा त्या दिवशी आला.

तेवढ्यात शाबासकी घ्यायला पाणाड्या आला. आला आणि चक्रावून म्हणाला, मी दिलेली जागा ही नव्हेच. पाणाड्या मला दिसला म्हणून आबा चाचरले. दगडाचा उलगडा होणार म्हणून मी चाचरलो. मग मी सरळ सांगून टाकलं. म्हटलं, आबा, दगड मी उचलला होता, स्टँडखाली घ्यायला. मला वाटलं हसतील. कोणी हसलं नाही. गाडीवरचा कॉम्प्रेसर बंद झाला होता, नुसतं पाणी वाहत होतं. आबांनी माझ्या चिखलाने भरलेल्या झग्याचं टोक हातात घेतलं आणि म्हणाले, "बाबा, दगड तुम्ही नही सरकावा. देवनी सरकावा." आणि त्या पाणाड्याने टोपी काढून मला नमस्कार केला.

खरं बोलण्याचा असाही परिणाम होऊ शकतो, हे धर्मशास्त्राच्या कॉलेजात आम्हाला कोणी शिकवलं नव्हतं.

कोणीतरी त्या खांबाचा आणि माझा व्हिडिओ काढला होता. संध्याकाळपर्यंत तो पारोळ्याला पोचला, दुसऱ्या दिवशी धुळ्याला. आठवडा उलटला नसेल, बाजारपेठेतल्या एका शेठजींचा फोन. राजस्थानातून पिढ्यांमागे आलेलं घराणं, धान्याचा व्यापार, हायवेला नवं गोदाम बांधायला काढलेलं, त्याला आधी बोअर हवा. तिथे मी गेलो तर आधी भटजींची पूजा, मग एका फकीरबाबांची दुआ, मग मी. मी शेठजींना विचारलं, इतके कशाला? शेठजी शांतपणे म्हणाले, "साहेब, विमा एकाच कंपनीचा कधी घेऊ नये." तिथेही पाणी लागलं. आम्ही तिघेही भिजलो, पण फोटो माझाच फिरला, कारण पांढरा झगा फोटोत उठून दिसतो.

मग माझी बदली जळगावला झाली, आणि माझ्याआधी माझी कीर्ती तिथे पोचली. पाणीवाले पाळकसाहेब. रविवारी उपासनेला शेवटच्या बाकांवर अनोळखी माणसं दिसायला लागली. उपदेश संपेपर्यंत ती सभ्यपणे बसत आणि मग दारात मला गाठून आपल्या शेताचा गट नंबर सांगत. कमिटी खूश होती. आमच्या सेक्रेटरींनी तर माझ्या तारखा द्यायचं काम स्वतःकडे घेतलं. नाखूश एकटी माझी बायको. पाळकगृहाचा नळ चार-चार दिवस कोरडा, अंगणातला हातपंप आमच्या आधीच्या पाळकांपासून बंद. ती हंडे मांडता मांडता म्हणायची, "गावाला पाणी पाडता, एखादी प्रार्थना घरच्या हातपंपालाही होऊ दे." मी एकदा गुपचूप करून पाहिली. हँडल माझ्या हातात आलं.

पण हसण्यावारी नेऊ नका. प्रत्येक वेळी, अगदी प्रत्येक वेळी, भुकटी काळी पडली की मी झगा सावरत आणखी एक पाऊल पुढे सरकायचो. चिखलात पाय घसरून मी पडलो आहे, बोअरच्या तोंडाशी बसवतात त्या केसिंगच्या पाईपवर डोकं आपटून घेतलं आहे, तसाच एका लग्नाला गेलो आहे आणि नवरदेवापेक्षा माझेच फोटो जास्त निघाले आहेत. पण तो क्षण कधी जुना झाला नाही. वेदीपाशी जे व्हायला हवं ते मला कॉम्प्रेसरच्या आवाजात होत होतं. मी स्वतःला म्हणत असे, काय बिघडलं, देव काय फक्त देवळातच भेटतो?

कोरडे बोअरही गेले, नाही असं नाही. पण कोरड्या बोअरची गोष्ट कोणी व्हॉट्सअ‍ॅपवर टाकत नाही. शिवाय त्याचं कारण सापडायचं. गाडी आधीच चालू केली होती. मालकाने मागाहून ज्योतिषी आणला होता. पिंप्राळ्यातल्या एका रिक्षावाल्याचा बोअर कोरडा गेला, तेव्हा तो स्वतः पाळकगृहावर आला. चपला बाहेर काढून उभा राहिला आणि हात जोडून म्हणाला, साहेब, माझी श्रद्धा कमी पडली, मला माफ करा.

आणि मी त्याला माफ केलं! चहा पाजला, खांद्यावर हात ठेवला, उदार मनाने माफ केलं. तो गेल्यावर बायकोने कपबशा उचलताना विचारलं, त्याने नेमकं काय केलं होतं? मी तिच्यावर चिडलो.

आमच्या मंडळीत एक निवृत्त नर्स होत्या. साक्रीकडच्या एका पाड्यावर जन्मलेल्या, सरकारी दवाखान्यांतून उभी हयात काढलेल्या, लग्न न केलेल्या. त्यांना सगळे अक्का म्हणत. बायकांच्या बाजूला पहिल्या बाकावर बसायच्या आणि माझा उपदेश लांबला की चष्मा पुसायला घ्यायच्या. चष्मा दुसऱ्यांदा निघाला की मी आमेन म्हणत असे. माझ्या पाण्याच्या कीर्तीची टिंगल करणारं सगळ्या जिल्ह्यात हे एकच माणूस. एका रविवारी दारात हात मिळवताना म्हणाल्या, "साहेब, एक कॉम्प्रेसर वेदीपाशीही लावून घ्या. उपदेश जरा खोल जाईल."

या अक्कांनी पिंप्राळ्याच्या पुढे, वस्ती संपते तिथे, एक प्लॉट घेऊन दोन खोल्यांचं घर बांधलं होतं. आयुष्यभर क्वार्टरमध्ये राहिलेल्या बाईचं पहिलं स्वतःचं दार. तिथे अजून नळ नव्हता. टँकर आठवड्याला यायचा आणि ड्रम भरून जायचा. पुण्याचा भाचा म्हणत होता, मावशी, तिथे पाण्याविना कशी राहशील, घर विकून आमच्याकडे ये. अक्कांनी त्याला सांगितलं, बोअर मारून बघते. पाणी लागलं तर इथेच, नाही तर बघू. म्हणजे तो बोअर नव्हता, ती बाई आपल्या घरात राहणार की भाच्याच्या बाल्कनीत, याचा निकाल होता.

त्यांनी मला बोलावलं तेव्हा एवढंच म्हणाल्या, पाणी आणायला येऊ नका, सोबतीला या.

मी अर्थात पाणी आणायलाच गेलो. सेक्रेटरी, कमिटी, तरुण संघ, पेटी, ढोलकी, सगळा जथा घेऊन. अक्कांना पाणी लागलं नाही तर माझ्या सगळ्या पाण्याला अर्थ काय? सकाळी मी प्रार्थना केली, ती आयुष्यातली सगळ्यात चांगली प्रार्थना होती. मोशेचा खडक आला, हागारेची विहीर आली, अब्राहामाच्या विहिरी आल्या. पाण्याचं जेवढं शास्त्रात आहे तेवढं सगळं मी त्या प्लॉटवर आणून ओतलं. अक्कांनी चष्मा पुसला. गाडी चालू झाली.

भुकटी पांढरी आली. दोन तासांनी पांढरी, दुपारी पांढरी. मंडळींनी गाणी म्हटली, मग गाण्यांत धूळ जायला लागली तशी थांबली. गाडीवरची माणसं रॉडला रॉड जोडत होती. मी डोळे मिटून मनातल्या मनात देवाशी बोलत होतो आणि बोलता बोलता माझं मलाच ऐकू आलं. मी म्हणत होतो, बापा, एवढ्या लोकांसमोर नको. अक्कांच्या पाण्याचं कधीच मागे पडलं होतं. मी माझी अब्रू मागत होतो.

चार वाजायच्या सुमाराला ड्रायव्हरने आमच्याकडे पाहिलं, हात आडवा केला आणि मशीन बंद केलं.

सगळे भुकटीने पांढरे झालेले, पापण्यांसकट, आणि सगळे माझ्याकडे बघत होते. अक्का पुढे गेल्या. वाकून एक खडा उचलला आणि केसिंगच्या पाईपात टाकला. आम्ही सगळ्यांनी कान दिला. खडा पडत गेला, पडत गेला, आणि आवाज आलाच नाही. मला त्या भोकाची भीती वाटली. पाण्याच्या खांबापुढे मी जसा लहान झालो होतो तसाच त्या कोरड्या अंधारापुढेही झालो, आणि दोन्ही वेळचं लहान होणं अगदी सारखं होतं. हे माझ्या हिशेबात कुठे बसत नव्हतं.

पण सवय वाईट. माझं तोंड आपोआप उघडलं. देवाची वेळ, देवाची कसोटी, यापेक्षा काही चांगलं त्याने राखून ठेवलं असेल, अशी वाक्यं जिभेवर तयार होती. पाळकाच्या जिभेवर ती कायमच तयार असतात. मी "मंडळी" एवढंच म्हणालो असेन, तोच अक्कांनी हात वर केला.

"राहू द्या साहेब," त्या म्हणाल्या. "त्याच्या वतीने तुम्ही काही सांगू नका. त्याचं त्याला बघू द्या."

मग त्यांनी पदर डोक्यावर घेतला, आणि शेजारच्या बाईशी बोलावं इतक्या हळू, आपल्या माहेरच्या बोलीत म्हणाल्या, "बापा, पाणी नही दिन्हं तू. काही वांधा नही. तू आठे शे, हाई माले समजनं. मी आठेच ऱ्हासू." पाणी नाही दिलंस, हरकत नाही. तू इथे आहेस हे मला कळलं. मी इथेच राहणार. आमेनही म्हणाल्या नाहीत. पदर खाली घेतला आणि घराकडे वळल्या.

मला वाटलं, रडायला आत गेल्या. त्या आल्या तांब्या, साबण आणि टॉवेल घेऊन. ओट्यावर टँकरचा ड्रम होता. आठवड्याचं पाणी त्यात, आणि तेही निम्म्यावर आलेलं. त्यांनी बोअरच्या गाडीवरच्या माणसांना हाक मारली. ती माणसं लांबची, तमिळ बोलणारी, त्यांना काही कळेना. अक्कांनी एकाचा हात धरून पुढे ओढला आणि त्यावर पाणी ओतायला सुरुवात केली. पोरांनो, डोळ्यांत धूळ गेली, आधी डोळे धुवा. एकेकाला त्यांनी उभं केलं. नर्सच ती, पापणी उलटून बघितली, कानामागे धुतलं. कोरड्या बोअरची माणसं एरवी मान खाली घालून, मालकाची नजर चुकवून रॉड आवरत असतात. ही माणसं ओट्यावर ओळीने उभी होती, चेहऱ्यावरून पाणी गळत होतं. त्यांतला सगळ्यात मोठा, पिकल्या मिशांचा, हात जोडायला गेला तर अक्का म्हणाल्या, हात नंतर जोड, कोपर राहिलं.

सेक्रेटरी माझ्या कानाशी लागले, साहेब, ही बाई सगळं पाणी संपवते आहे. मी मान हलवली.

शेवटी त्या माझ्यापाशी आल्या. "हात पुढे करा साहेब." मी केले. त्या माझ्या हातांवर पाणी ओतत होत्या आणि ते कोमट, टँकरचं, क्लोरिनचा वास येणारं पाणी होतं. इतक्या ठिकाणी जमीन फुटून वर आलेलं पाणी मी पाहिलं होतं. असं पाणी पाहिलं नव्हतं. माझ्या अंगावर काटा आला, तो कुठल्याच मशीनने आणला नव्हता. त्यांनी वर साबण दिला आणि म्हणाल्या, "तोंडपण धुवा, भुतासारखे दिसताय."

इथे गोष्ट संपली असती तर मी आजही पाळक असतो, कदाचित बरा पाळक असतो.

पण शुक्रवारी कमिटीची बैठक झाली आणि कारण शोधायला सुरुवात झाली. कारण सापडायला कितीसा वेळ लागतो? अक्कांची जीभ. त्या साहेबांना मिळालेल्या देवाच्या दानाची टिंगल करत आल्या, श्रद्धा नव्हती, म्हणून कोरडा गेला. सेक्रेटरी हळहळत म्हणाले की त्यांनी रविवारी दोन शब्दांत माफी मागितली तर मंडळीच्या मनातलं निघून जाईल. आणि मीही मोहरीच्या दाण्याएवढ्या विश्वासावर उपदेश घेतला तर बरं. ते वाईट माणूस नव्हते. माझं नाव वाचवत होते. त्यांना माझी काळजी होती आणि अक्कांचीही. मला दिसला तो रिक्षावाला, बाहेर चपला काढून उभा राहिलेला. म्हणजे प्रत्येक कोरड्या बोअरमागे कोणीतरी असं उभं राहिलं होतं. मला पाणीवाला ठेवण्यासाठी कोणाला तरी अश्रद्ध ठरावं लागत होतं. तोवर ती रांग माझ्या दाराबाहेर होती. आता तिच्यात ते अक्कांना उभं करणार होते.

मी ठरवलं, रविवारी सगळं स्वच्छ सांगायचं. उपदेश लिहिलाच नाही. उभा राहिलो आणि म्हणालो, अक्कांच्या श्रद्धेत काही कमी नव्हतं, इथल्या कोणाहीपेक्षा ती मोठी आहे आणि माझ्यापेक्षा तर फारच. माझ्या प्रार्थनेने पाणी लागत नाही. कधीच लागत नव्हतं. जिथे खाली होतं तिथे लागलं, नव्हतं तिथे नाही. आबांचा दगड, मोटारसायकलचं स्टँड, सगळं सांगितलं. रिक्षावाला शेवटच्या बाकावर होता, त्याची तिथल्या तिथे माफी मागितली. इतकं कमी बोललो की अक्कांना चष्म्याला हात लावायची वेळ आली नाही.

मला वाटलं, आता सुटलो. उपासना संपली, मी दारात उभा राहिलो. पहिल्याच माणसाने माझा हात दोन्ही हातांत धरला. डोळे ओले. काय नम्रता, साहेब, काय नम्रता. दुसऱ्याने पायाला हात लावला, जे आमच्यात चालत नाही. रिक्षावाला तर हुंदके देत म्हणाला, माझ्यासारख्याची माफी मागितलीत, आता माझी खात्री पटली. आणि शेवटच्या बाकावरचा एक अनोळखी गृहस्थ सगळे जाईपर्यंत थांबला. जवळ येऊन म्हणाला, "साहेब, मला असाच माणूस पाहिजे होता. मंगळवार जमेल का? चोपड्याला."

तेव्हा कळलं. झगा अंगात असेपर्यंत मी काहीही बोललो तरी लोक त्यातून देवच ऐकणार. त्यांच्या या विश्वासाचं मला आजही हसू येत नाही, धाकच वाटतो. एवढी मोठी वस्तू कोणी तुमच्या हातात देतं, आणि तुम्ही ती खाली ठेवतो म्हणालात तर आणखी घट्ट धरायला देतं. ती पेलणारे पाळक मी पाहिले आहेत, त्यांच्यापुढे मी वाकतो. मी तो नव्हे. मी माफ करत सुटणारा माणूस. आज अक्का, उद्या चोपड्याचा तो गृहस्थ. मला थांबवायचा एकच उपाय होता.

घरी जाऊन बायकोला सांगितलं. म्हणजे हे पाळकगृह सोडायचं, पगार सोडायचा, आणि पुढचं काही ठरलेलं नाही. तिने हातातला हंडा खाली ठेवला. मग म्हणाली, "नवं घर बघताना आधी नळ बघू या." एवढ्यावर तिने माझा राजीनामा मंजूर केला. कमिटीने मंजूर करायला फार खळखळ केली. एक जण म्हणाले, बोअर कोरडा गेला म्हणून राजीनामे द्यायला लागले तर जिल्ह्यात पाणीपुरवठ्याला एक माणूस उरणार नाही.

अक्कांना सांगायला मात्र मी घाबरलो. त्यांना वाटायला नको की त्यांच्यामुळे झालं. त्या ओट्यावर बसून लसूण सोलत होत्या. शेजारच्या बंगल्यातून एक हिरवी नळी कुंपणावरून येऊन त्यांच्या ड्रममध्ये सोडलेली होती. बोअर कोरडा गेल्याचं कळल्यावर त्या शेजारणीने स्वतःहून टाकली होती, आणि भाच्याला अक्कांनी फोनवर सांगून टाकलं होतं की मी येत नाही. माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "बरं केलंत. आता कधीतरी माझ्याशेजारी बसून प्रार्थना करा. इतकी वर्षं समोरच उभे होतात, माणूस धड प्रार्थना करतंय की नाही हे समोरून कळत नाही."

आता मी एका शाळेचं वसतिगृह सांभाळतो. तिथला टँकर कधी येणार हे फोन करकरून विचारावं लागतं आणि तोही माझं ऐकत नाही.

राजीनाम्यानंतरचा पहिला रविवार सांगतो. नवे पाळक तरुण, आवाज चांगला. मी पुरुषांच्या बाजूला शेवटच्या बाकावर बसलो. हात कुठे ठेवायचे कळेना. गाण्यात मी सगळ्यांच्या आधी सुरुवात केली, शास्त्रपाठाला उगाच उठून उभा राहिलो, आणि उपासनेच्या शेवटी, पाळकांनी आशीर्वादासाठी हात उचलला तसा माझाही हात वर गेला. तळवा मंडळीकडे, बोटं सरळ, चांगला ऐटीत. शेजारच्या रिक्षावाल्याने तो हळूच धरून खाली आणला. पलीकडे पहिल्या बाकावर अक्कांचे खांदे हलत होते.

मग मी मान खाली घातली. हे शब्द मी किती माणसांवर उच्चारले होते. ते वरून खाली येताना कसे लागतात, ते मला माहीत नव्हतं. परमेश्वर तुला आशीर्वाद देवो व तुझे संरक्षण करो. मला वाटलं, हे कोणाला तरी दुसऱ्याला म्हणताहेत. मी डोळा किलकिला करून मागे पाहिलं. मागे भिंत होती.